मोटारीला योग्य दर्जा मिळालाच पाहिजे

पुणे,
१९ जानेवारी १९८७

प्रिय ताई,

सा. न.

मुंबईचं प्रदर्शन आटोपून आज सकाळी पुण्याला पोचलो. आंघोळही न करता तुला लिहायला बसलोय, कारण तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तू मला आयुष्यभर ऐकवशील.

आमची मोटार लोकांना आवडली नाही. आवडली नाही हे मी सौम्य लिहितोय. लोक हसले.

दिवाळीत तुला सांगितलं होतं ते आठवत असेल. दोनच माणसं बसणारी, बुटकी, वेगवान स्पोर्ट्स कार आपण केली तर ती कशी दिसेल, याचा एक नमुना कंपनीनं माझ्याकडून करून घेतला. विकायला नव्हे, नुसता मांडायला. लोक बघतील, बोलतील, मग पुढचं ठरेल, असा बेत होता. लोकांनी बघितली आणि ते बोलले.

चूक कुठे झाली तेही मला कळतंय. मोटारीचं नाक मी अगदी खाली नेलं. पण दिवे जमिनीपासून ठरावीक उंचीवर असलेच पाहिजेत, असा कायदा आहे. म्हणून ते दोन गोल फुगवट्यांत वर बसवले. आणि रंग दिला हिरवा. पहिल्याच दिवशी एक बाई दोरीपलीकडे उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "अगंबाई, बेडूक!" त्यानंतर कुणाला दुसरं काही दिसेचना. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, 'पुण्याचा बेडूक मुंबईत'. एका इंग्रजी पेपरानं लिहिलं की ही गाडी धावणार नाही, उड्या मारील. फोटोखाली माझं नाव आहे, 'मूळचे गोव्याचे' असं कौतुकानं लिहून.

मी टाय लावून मोटारीशेजारी उभा होतो. आमच्या कर्णिकसाहेबांचा हुकूम होता की कुणालाही उलट उत्तर द्यायचं नाही, हसून आभार मानायचे. हसून हसून माझे गाल दुखताहेत.

तो पेपर तिकडे आला असणारच. बाबांनी बघितला का? लोकांचं मला काही वाटत नाही. (खोटं लिहिलं. वाटतं.) पण सगळी हयात ज्यांची साखळी-पणजी बस चालवण्यात गेली, त्या माणसाला माझी मोटार कशी वाटली, तेवढं मला कळव. जे म्हणाले असतील ते तस्संच लिही, साखर पेरू नकोस.

तुझा,
गौरेश


मये,
२८ जानेवारी १९८७

चि. गौरेश,

अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. शाळा सुटल्यावर बाबांकडे जेवायला गेले, तिथेच वाचलं. आधी तू आंघोळ कर. मग पुढचं वाच.

फोटो बघितला. मला तर मोटार झकास वाटली. बेडूक कसला? बेडकाला चार चाकं असतात का? मुंबईच्या लोकांना दिवसभर दुसऱ्याला नावं ठेवण्यावाचून काम नाही. आणि तू तिथे उभा राहून आभार मानत होतास! अरे, कुणी थोबाडीत मारली तर 'हात दुखला नाही ना' असं विचारणाऱ्यातला तू. लहानपणीही असाच होतास.

आमच्याकडे बघ जरा. राजभाषेचं रण वर्षभर पेटलंय. मराठीवाल्यांनी गप्प बसून चाललं असतं का? गावातल्या घराघरात जाऊन मी पोस्टकार्डं लिहून घेतली. मजकूर मी फळ्यावर लिहायची, सगळ्यांनी उतरवून काढायचा, खाली सही. गठ्ठेच्या गठ्ठे सरकारला पाठवले. पलीकडच्या वाड्यावर कोंकणीवाल्यांनीही तसंच केलं. सरकार असो नाहीतर कंपनी, आवाज केल्याशिवाय कुणी वळून बघत नाही.

बाबा बरे आहेत. जरा सर्दी आहे, म्हणून घराबाहेर पडत नाहीत. फोटो त्यांनी बघितला. काही बोलले नाहीत. पाववाल्या पोदेरानं सकाळी दिलेले उंडे चहात बुडवून खातात आणि अंगणातल्या माडाच्या मुळाशी बसून राहतात. तू काळजी करू नकोस.

तुझी,
ताई


पुणे,
९ फेब्रुवारी १९८७

प्रिय ताई,

सा. न.

इथलं प्रकरण निवळेल असं वाटलं होतं, ते वाढलंय. मोटारींच्या एका मासिकात दोन पानं आली. लिहिणाऱ्यानं रंगापासून चाकापर्यंत एकेक काढून धुतलंय. वाईट याचं वाटलं की त्यातलं निम्मं बरोबर आहे. कॅन्टीनमध्ये मी ताट घेऊन निघालो की मागच्या टेबलावरून कुणीतरी "डराव" करतं. मी वळून बघितलं की सगळे मान खाली घालून जेवत असतात.

मार्चअखेरीस बैठक आहे. मोटारीचं काम पुढे चालू ठेवायचं की नमुना मोडीत काढायचा, ते तिथे ठरेल. मला कायम करायचं की नारळ द्यायचा, तेही तिथेच. तोपर्यंत कुणी पेपराला एक अक्षर लिहायचं नाही, अशी लेखी ताकीद फिरली आहे. कर्णिकसाहेब म्हणतात, लोकांच्या बोलण्याला उत्तर कामातून द्यायचं असतं. पटतं मला. पण काम करायला बसलो की पेन्सिल हातात थांबते. रेघ ओढायच्या आधीच ती कशासारखी दिसेल आणि तिला कोण काय म्हणेल, हेच डोक्यात येतं. हल्ली मला झोप नीट लागत नाही.

आणि ताई, बाबा काही बोलले नाहीत असं तू लिहिलंस, ते माझ्या मनातून जाईना. बाबा आणि गप्प? कंडक्टरच्या टोपीपासून कलेक्टरच्या जीपपर्यंत प्रत्येक गोष्टीला नाव ठेवणारा माणूस तो. ते थट्टा करत नाहीत म्हणजे त्यांना माझी लाज वाटतेय. दुसरा अर्थच नाही. बैठकीत काढून टाकण्यापेक्षा आपणच राजीनामा दिलेला बरा, असं कधीकधी वाटतं. लिहूनही ठेवलाय.

तुझा,
गौरेश


मये,
२० फेब्रुवारी १९८७

चि. गौरेश,

अनेक आशीर्वाद.

राजीनाम्याचा कागद आधी फाड. फाडलास? आता ऐक.

भाषेचा कायदा झाला, पेपरात वाचलं असशील. राजभाषा कोंकणी, आणि मराठीही सगळ्या कामांना चालेल. आम्हाला पुरी भाकरी हवी होती, अर्धी मिळाली. पलीकडचे म्हणतात, आमचीच अर्धी तुम्ही खाल्ली. एकूण दोघेही उपाशीच. घरी आपण बोलतो एक आणि पाटीवर लिहितो एक, त्याची एवढी भांडणं होतील असं आईला सांगितलं असतं तर ती हसली असती.

पण एक गोष्ट मी शिकले. गप्प बसलो असतो तर ही अर्धीही मिळाली नसती. तुला लिहायची बंदी आहे ना? मग तू लिहू नकोस. तू तुझं नाक खाली घालून काम कर. कार्डं इथे पुष्कळ उरलीत, आणि गावाच्या हाताला लिहायची सवयही आहे. जास्त विचारू नकोस.

बाबांना लाज वगैरे काही वाटत नाही. उगाच भलते अर्थ काढू नकोस. दाढी वाढवलीय त्यांनी, एवढंच. म्हातारपणी माणसाला असलं काही सुचतं.

तुझी,
ताई


पुणे,
१६ मार्च १९८७

ताई,

तू काय केलंस?

आज मला कर्णिकसाहेबांनी बोलावलं. टेबलावर पोस्टकार्डांचा ढीग. सगळ्यांवर डिचोली तालुक्याचे शिक्के. सगळ्यांवर एकच मजकूर, 'आम्ही खाली सही करणारे मये गावचे नागरिक ठामपणे मागणी करतो की, आमच्या गावच्या मोटारीला योग्य दर्जा मिळालाच पाहिजे. हा दर्जा नाकारल्यास होणाऱ्या परिणामांची जबाबदारी आपल्यावर राहील.' ताई, कंपनीच्या वकिलानं हे वाक्य तांबड्या शाईनं अधोरेखित केलंय! त्याला वाटतंय की आमच्या गावचा मोर्चा पुण्याला येणार.

निम्मी कार्डं चौथीच्या पोरांच्या अक्षरात आहेत. पाचसहा कोंकणीत आहेत, म्हणजे मोटारीसाठी तू दोन्ही वाडे एक केलेस, एरवी मी तुझे पाय धरले असते. मालतीमावशीनं तर सवयीनं जुनाच मजकूर लिहिलाय. 'मराठी राजभाषा झालीच पाहिजे', आणि वर पत्ता आमच्या कंपनीचा. साहेबांनी मला विचारलं, "फडते, हे काय आहे?"

सगळ्यांचा समज झालाय की मीच हे घडवून आणलं. लेखी ताकीद असताना मागच्या दारानं कौतुक गोळा केलं. बाहेरच्यांनी बेडूक म्हटलं त्यापेक्षा हे मला जास्त लागलं. तेव्हा माझी मोटार खोटी ठरली होती, आता मी ठरलो.

बैठकीत मला लेखी खुलासा द्यायचाय. खरं लिहायचं तर तुझं नाव लिहावं लागेल, आणि वकील म्हणतोय की मुलांकडून हे शाळेत लिहून घेतलं असेल तर शाळेलाही पत्र जाईल. तुझं नाव नाही लिहिलं तर माझी नोकरी गेली. काय लिहू ते मला कळत नाही.

गौरेश


मये,
२२ मार्च १९८७

चि. गौरेश,

माझं नाव लिही. कमलाक्षी असं पूर्ण अक्षरांत लिही. शाळेला पत्र आलं तर हेडमास्तरांसमोर मी उभी राहीन. माझी अक्कल गहाण पडली होती. तुझं चांगलं करायला गेले आणि तुझ्याच पायावर धोंडा पाडला. तुझं पत्र वाचल्यापासून घास गिळवत नाही मला.

आता आणखी एक सांगते. ते तुझ्यापासून लपवलं, म्हणूनच हे सगळं झालं.

बाबांना सर्दीबिर्दी काही नव्हती. तो पेपर आला त्या सकाळी ते शंभूच्या सलूनमध्ये दाढी करायला बसले होते. अर्धी दाढी झाली होती. बाकावर कुणीतरी पेपर उघडला आणि फोटो सगळ्यांना दाखवला. बाबा आरशातून बघून जे हसायला लागले! म्हणाले, "अरे, हो तर बेबो! तळ्यातलो बेबो कोणें रस्त्यार हाडलो?" तळ्यातला बेडूक रस्त्यावर, म्हणून सगळं दुकान हसलं. तुला ठाऊकच आहे, बाबांनी नाव ठेवलं की ते गावभर होतं. मग शंभूनं पेपर हातात घेतला आणि फोटोखालच्या ओळी वाचत वाचत शेवटाला आला. रचनाकार गौरेश फडते, मूळचे गोव्याचे.

बाबा उठले. तोंडावरचा साबण टॉवेलनं पुसला आणि अर्ध्या दाढीनं घरी चालत आले. तेव्हापासून ते शंभूकडे गेले नाहीत, की बसस्टॉपवरही गेले नाहीत. रस्त्यानं जाणाऱ्या कुणी "बेबो" म्हटलं की दार लावून घेतात. तो शब्द त्यांचाच, म्हणून त्यांना जास्त जाळतो. मला म्हणाले, "ताका कळयनाका." त्याला कळवू नकोस. म्हणून मी तुला सर्दी लिहिली.

त्यांची ती दशा बघवेना म्हणून मला कार्डांचं सुचलं. तुझं नाव वर आलं तर बाबा बाहेर पडतील, असा माझा हिशेब. आणि पहिलं कार्ड मी त्यांच्याच पुढे ठेवलं. त्यांनी मजकूर वाचला आणि म्हणाले, फट लिहिणार नाही, खोटं ते खोटंच. मी चिडून म्हणाले, सगळा गाव लिहिणार आणि सख्ख्या बापाला दोन ओळी जड झाल्या? तेव्हा कोरं कार्ड घेऊन ते मागल्या पडवीत गेले. नंतर मला ते कार्ड कुठे दिसलं नाही. चुलीत घातलं असणार. त्यानंतर आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोलतो.

हे असं आहे. तुला त्यांची लाज वाटली तर वाटू दे, पण त्यांना तुझी लाज वाटत नाही. त्यांना स्वतःची वाटते.

तुझी,
ताई


पुणे,
२ एप्रिल १९८७

प्रिय ताई,

सा. न.

परवा बैठक झाली. सगळं सविस्तर लिहितो.

खुलाशाचा कागद मी कोराच घेऊन गेलो होतो. तुझं नाव लिहायला हात होईना आणि खोटं लिहायलाही. वरचे सगळे साहेब बसलेले, वकील बाजूला, मध्ये कार्डांचा ढीग. वकिलानं चारपाच कार्डं वाचून दाखवली. कुणी हसलं, कुणी घड्याळ बघितलं. मग कर्णिकसाहेबांनी ढिगातून एक कार्ड काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं. म्हणाले, "यातला एक शब्द मला लागत नाही. तुम्हीच वाचा. मोठ्यानं."

अक्षर बघितलं आणि ओळखलं. बसच्या वहीत फेऱ्या मांडायचे तेच तिरकं अक्षर. ते कार्ड मी साहेबांकडून मागून घेतलंय. जसंच्या तसं उतरवतो.

'कंपनीच्या मोठ्या साहेबांस, मये गावाहून धाकू फडते, बसचा माजी ड्रायव्हर, याचा नमस्कार. आपल्या मोटारीचा फोटो पेपरात बघितला. मी हसलो. गावात पहिला मीच हसलो आणि बेबो हे नाव मीच ठेवले. मागाहून समजले की मोटार माझ्या मुलाची. म्हणून परत नीट बघितला. तरी बेबोच दिसतो. मला फट लिहिता येत नाही. बाकीची कार्डे माझ्या मुलीने गावाकडून लिहून घेतली, मायेने. मुलाला त्यातले काही ठाऊक नाही. तो लहान असताना चित्र चुकले तर खोडत बसायचा नाही, नवा कागद मागायचा. मी पगार पुरत नाही म्हणून पुष्कळदा ओरडलो, पण कागद दिला. त्यास एक नवा कागद द्यावा, ही विनंती.'

'बेबो' म्हणजे काय तेही साहेबांना मीच सांगितलं. मग कर्णिकसाहेब वकिलाला म्हणाले, "कार्डं यांनी लिहवून घेतली असती, तर हे कार्ड या ढिगात आलं असतं का?" वकिलानं फाइल बंद केली. खुलासा कुणी मागितला नाही. शाळेला पत्रबित्र काही जाणार नाही, तू निर्धास्त राहा.

मोटार मोडीत निघाली नाही, मंजूरही झाली नाही. पुढचा भाग सगळा नव्यानं करायचा, मग परत बघू, असं ठरलं. मला कायम केलं नाही, काढलंही नाही. बाहेर पडताना साहेबांनी चित्रकामाच्या कागदाची एक नवी गुंडाळी माझ्या टेबलावर ठेवली.

ताई, जगानं बेडूक म्हटलं तरी मी एकाच माणसाच्या तोंडून ते ऐकायला घाबरत होतो. तेच ऐकलं, तेही सगळ्या साहेबांसमोर, माझ्याच तोंडानं वाचून. आणि मला रडू आलं आणि खूप दिवसांनी हलकं वाटलं. काल टेबलावर बसलो. दिवे आता नाकाच्या आत, झाकणाखाली लपवून बघतोय. पेन्सिल चालते आहे.

हे पत्र बाबांना वाचून दाखव. सगळं. तुमचं भांडण मिटव.

तुझा,
गौरेश


मये,
१२ एप्रिल १९८७

चि. गौरेश,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी बाबांना अंगणात बसून वाचून दाखवलं. कार्डाचा मजकूर आला तशी मीच थांबले, मला पुढचं दिसेना. तेव्हा बाबांनी पाठ असल्यासारखं पुढचं स्वतःच म्हटलं. म्हणाले, पडवीत बसून दोनदा लिहिलं, पहिलं खराब झालं. पोस्टाच्या पेटीत टाकायला भरदुपारी गेले होते, रस्त्यावर कुणी नसतं म्हणून. आणि मी त्यांना काय काय बोलले होते रे! पाया पडले. तर म्हणाले, "तुवें मायेन केलें. हांवेंय मायेन केलें. आतां च्या कर." तू मायेनं केलंस, मीही मायेनंच.

चहा पिताना त्यांनी एकच विचारलं, साहेबांनी ते कार्ड तुला खरंच दिलं का? दिलं म्हटल्यावर गप्प बसले, पण हे गप्प बसणं वेगळं होतं. मला आता फरक कळतो.

मालतीमावशीला तिच्या कार्डाचं सांगितलं. ती म्हणते, मागणी तर रास्तच आहे, कंपनीनं पुढे पाठवावी. गोव्याचं वेगळं राज्य होणार अशी बोलवा आहे, तेव्हा गावात पुन्हा कार्डं लिहायचा उत्साह आलाय. मी मात्र खडू खाली ठेवलाय. निदान मोटारींच्या बाबतीत तरी.

नवीन चित्र झालं की पहिलं बाबांना पाठव. ते हसले तर हसले. मी साखर पेरणार नाही.

आणि काल सकाळची गोष्ट. शाळेला जाताना बघते तर बाबा खांद्यावर टॉवेल टाकून शंभूच्या दुकानाच्या पायरीवर. दाढी ही एवढी, जोग्यासारखी. मी बाहेर थबकले. आत बाकावर चौघेजण होते, त्यांनी पेपर खाली केला. शंभूनं खुर्ची झटकली, बाबांच्या गळ्यात फडकं बांधलं आणि त्याच्या जिभेला काही राहवेना. आरशात बघत म्हणाला, "कितें धाकूदादा, बेबो कितें म्हणटा?"

बाकावरचे हसायच्या बेतात होते. बाबांनी आरशातून सगळ्यांकडे एकदा बघितलं.

"बेबो म्हज्या पुताचो," ते म्हणाले. "हांव हांसतलों. तूं न्हय. आतां दाडी कर."

तुझी,
ताई